समान अंतराचीं भोंकें

मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्याच्या आमच्या चकलांबा गांवीं पूर्वीं सुताराच्या दारापुढें तिफणींची रांग लागत असे. कोणाच्या तिफणीचा फण सैल झालेला, कोणाचें दिंड चिरलेलें, कोणाचें चाडें फुटलेलें. ज्यांनीं हें अवजार जवळून पाहिलें नसेल त्यांच्याकरितां एवढेंच सांगतों कीं, दिंड म्हणजे बाभळीचें एक जाड आडवें लांकूड. त्यांत तीन भोंकें पाडून तीन फण ठोकलेले असतात. चाड्यांत सोडलेलें बीं तीन नळ्यांवाटे त्या तीन फणांच्या मागें जमिनींत पडतें, आणि बैल शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकास गेले कीं तीन ओळी पेरून होतात. आज बैल कमी झाले आहेत व पुष्कळ शेतांत ट्रॅक्टरामागें लोखंडी पेरणीयंत्र चालतांना दिसतें; परंतु त्या यंत्रासहि एक आडवी तुळई असतेच, आणि फण बसवावयाचे म्हणजे तिच्यावर सारख्या अंतराच्या खुणा कोणीतरी कराव्याच लागतात.

त्या खुणा चुकल्या तर पेरणीच्या दिवशीं कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं. बीं उगवतें, शेत हिरवें होतें. खरी फजिती कांहीं आठवड्यांनीं, कोळपणीच्या वेळीं होते. दोन ओळींत अठरा इंच, म्हणजे सुमारें एक हात, अंतर आहे असें समजून चौदा इंची पास असलेलें कोळपें जुंपलें तर दोन्ही बाजूंस दोन दोन इंच जागा मोकळी राहते. पण सुताराच्या हातून एक अंतर १६ इंच व दुसरें २० इंच झालें असेल, तर पहिल्या पट्ट्यांत पिकाच्या मुळापासून एकेकच इंच उरतो. बैलानें जरा अंग टाकलें कीं उभें पीक कापलें जातें. दुसऱ्या पट्ट्यांत उलट दोन्हीकडे तीन तीन इंच तण माजतें. बरें, ही चूक एकाच ठिकाणीं होऊन थांबत नाहीं. तिफण जितके फेरे घेईल तितक्या वेळां ती शेतभर उमटत जाते, आणि एकदां उगवलेली ओळ कोणास सरकवितां येत नाहीं.

इतकें ज्या गोष्टीवर अवलंबून आहे ती गोष्ट आतां संगणकाच्या साहाय्यानें कशी करितात, आणि असलें साधन हातीं असूनहि माणूस तींत कोठें फसतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. प्रारंभ मात्र संगणकापासून न करितां तिफणीपासूनच करणें सोयीचें पडेल.

तीन फण आहेत व दोहोंमधील अंतर अठरा इंच ठेवावयाचें आहे. तर पहिल्या फणापासून शेवटच्या फणापर्यंत लांबी किती? वर्गांत हा प्रश्न विचारला असतां निम्मीं तरी मुलें तीन गुणिले अठरा असें मनांत म्हणून ५४ इंच हें उत्तर देतात. तें चूक आहे. फण तीन असले तरी त्यांच्या मधल्या जागा दोनच. म्हणून लांबी ३६ इंच. दोन्ही टोकांस लांकूड चिरूं नये म्हणून जी कड सोडावयाची ती निराळी. आतां गंमत अशी कीं, त्या मुलांचें ५४ इंच हें उत्तर अगदींच निरर्थक नाहीं. एका फेऱ्यांत शेताची किती रुंदी पेरून होते असें विचारलें असतें तर ५४ इंच हेंच उत्तर बरोबर ठरलें असतें. कारण पुढच्या फेऱ्याची पहिली ओळ मागच्या फेऱ्याच्या शेवटच्या ओळीपासून पुन्हां अठरा इंच सोडूनच पडते, आणि अशा रीतीनें प्रत्येक फणाच्या वांट्यास एक एक अंतर येतें. दिंडाचा हिशेब निराळा, शेताचा निराळा. दिंडास दोन टोकें आहेत. शेतांतील ओळींची मालिका एकास एक जोडून पुढें चालू राहते. टोकें असलेल्या रांगेंत अंतरें भोंकांपेक्षां एकानें कमी असतात, हा सर्व विषयाचा कणा होय. कुंपणाचे खांब, पुलाचे गाळे, दाराच्या कड्या, सर्वत्र हाच नियम लागूं पडतो.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस निर्गमाच्या सव्विसाव्या अध्यायांत याचें एक प्राचीन उदाहरण सांपडेल. निवासमंडपाचे पडदे अठ्ठावीस हात लांबीचे सांगितले असून एका जोडाच्या कडेस पन्नास बिरडीं व समोरच्या जोडाच्या कडेस त्यांच्यासमोर येतील अशीं पन्नास बिरडीं करावयाचीं होतीं. दोन्ही टोकांशीं एक एक बिरडें धरून बाकीचीं सारख्या अंतरानें लाविलीं असें मानलें तर बिरडीं पन्नास, परंतु अंतरें एकूणपन्नास. आणि अठ्ठावीस हातांस एकूणपन्नासांनीं भागिलें असतां बरोबर चार-सप्तमांश हात येतात. जो शिवणारा पन्नासांनीं भागील त्याचें शेवटचें बिरडें पडद्याच्या टोकापासून अर्ध्या हाताहून अधिक अलीकडेच संपेल, आणि समोरचा पडदा दुसऱ्यानें बरोबर शिवला असेल तर पहिलें बिरडें सोडून दुसरें कोणतेंहि जुळावयाचें नाहीं.

आतां लोखंडी यंत्राकडे वळूं. समजा, नऊ फणांच्या पेरणीयंत्राची तुळई करावयाची आहे. तिची लांबी २००० मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर. दोन्ही टोकांस १०० मिलिमीटरची कड सोडली कीं पहिल्या भोंकाच्या मध्यापासून शेवटच्या भोंकाच्या मध्यापर्यंत १८०० मिलिमीटर उरतात. भोंकें नऊ, अंतरें आठ. १८०० भागिले ८ म्हणजे २२५ मिलिमीटर. हें साडेबावीस सेंटिमीटरचें अंतर मोठें सोयीचें आहे, कारण एक सोडून एक फण चालविला कीं ओळींत बरोबर ४५ सेंटिमीटर पडतात आणि सोयाबीनसारखें पीक त्याच अंतरावर घेतां येतें. आतां एखाद्या उतावळ्या माणसानें भोंकें नऊ म्हणून नवांनीं भागिलें. उत्तर येतें २००. पहा, किती गोंडस आंकडा! शंका घेण्यास जागाच नाहीं. त्यानें तो संगणकास सांगितला. संगणकानें मुकाट्यानें २०० मिलिमीटर अंतराचीं नऊ भोंकें काढून दिलीं. शेवटचें भोंक १७०० वर पडलें आणि पलीकडच्या टोकास १०० च्या ऐवजीं ३०० मिलिमीटर लोखंड रिकामें राहिलें. फार काय, भोंकें एकमेकांपासून अगदीं सारख्या अंतरावर आहेत! कोणी पट्टी लावून तपासलें तरी प्रत्येक अंतर २०० च भरेल. सुताराच्या हातची चूक डोळ्यांस दिसते, कारण तेथें एक जागा लहान व एक मोठी असते. ही चूक मात्र स्वतःच्या नीटनेटकेपणांतच लपून बसते. ४५ सेंटिमीटरच्या ओळी समजून पेरलेलें शेत ४० सेंटिमीटरचें झालें हें कळतें तें कोळपें शेतांत घातल्यावर.

संगणकावर यंत्रभागांचीं चित्रें मापासहित काढण्याच्या या विद्येस इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कॅड' असें म्हणतात. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकेंतील संस्थेंत आयव्हन सदरलँड यानें आपल्या प्रबंधाकरितां 'स्केचपॅड' नांवाची रचना करून दाखविली, तेथून या विद्येच्या आजच्या रूपाचा आरंभ समजतात. तींत प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघ ओढतां येई. परंतु खरा चमत्कार तो नव्हे. एकदां काढलेल्या आकृतीच्या हव्या तितक्या प्रती मांडाव्या, आणि मूळ आकृतींत बदल केला कीं तो सर्व प्रतींत आपोआप उतरावा, ही सोय तींत होती. तत्पूर्वीं प्रत्येक भोंक कागदावर स्वतंत्र काढावें लागे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचीं चित्रें काढण्यास शिकविणाऱ्या व पुढें लोखंडी नांगर करूं लागून १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पिढीनें हें सर्व काम फळा, कंपास व पेन्सिल यांवरच केलें. त्या पिढीच्या हातांस जी शिस्त लागली होती ती संगणकामुळें अनावश्यक झाली, असें आम्हांस वाटत नाहीं. ती हातांतून डोक्यांत गेली पाहिजे, इतकेंच.

'फ्रीकॅड' नांवाचें एक सॉफ्टवेअर कोणासहि विनामूल्य मिळतें, त्याची १.० ही आवृत्ति नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली. ज्या घरीं किंवा शाळेंत संगणक आहे तेथें पुढील कृति प्रत्यक्ष करून पाहतां येईल. प्रथम २००० मिलिमीटर लांबीची तुळई काढावी. तिच्या एका टोकापासून १०० मिलिमीटरवर एकच भोंक पाडावें; १२ मिलिमीटरचा बोल्ट जावयाचा असेल तर तें १३ मिलिमीटरचें असावें, म्हणजे बोल्ट अडकणार नाहीं व फार खेळणारहि नाहीं. मग तें भोंक निवडून 'लिनिअर पॅटर्न' ही आज्ञा द्यावी. लिनिअर पॅटर्न म्हणजे सरळ रेषेंतील पुनरावृत्ति. संगणक तीन गोष्टी विचारतो: कोणत्या दिशेनें, किती लांबीवर, आणि एकूण किती. येथें 'एकूण' या शब्दांत मूळचें भोंकहि धरलेलें असतें. म्हणून नऊ पाहिजे असतील तर नऊच लिहावें, 'आणखी आठ' असा विचार करून आठ लिहूं नये. लांबी म्हणून विचारली जाते ती तुळईची नव्हे, दोन लगतच्या भोंकांतील अंतराचीहि नव्हे, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतची. म्हणजे आपल्या उदाहरणांत १८००. आठांनीं भागण्याचें काम संगणक स्वतः करितो.

नवशिके येथें दोन प्रकारें ठेंचाळतात. कोणी लांबी २००० लिहितो. मग शेवटचें भोंक २१०० वर, म्हणजे तुळईच्या बाहेर हवेंत जातें. कोणी हिशेब करून आणलेलें २२५ अभिमानानें लांबीच्या जागीं लिहितो, आणि नऊच्या नऊ भोंकें २२५ मिलिमीटरांत, एकमेकांपासून जेमतेम २८ मिलिमीटरवर, दाटीवाटीनें उभीं राहून तुळईच्या एका टोकाची चाळणी होते. या दुसऱ्या चुकीची आम्हांस भीति वाटत नाहीं, कारण ती पाहतांक्षणींच हंसूं आणते. नव्या आवृत्त्यांत एकूण लांबी सांगावयाची कीं दोहोंमधील अंतर सांगावयाचें, हें निवडण्याचीहि सोय आहे. परंतु सोय वाढली म्हणजे आपण काय सांगत आहों हें ओळखण्याची जबाबदारीहि वाढते.

याहून मोठा लाभ निराळाच आहे. लांबीच्या जागीं १८०० हा आंकडा न लिहितां 'तुळईची लांबी वजा दोन कडा' असें सूत्रच लिहून ठेवतां येतें. उद्यां कोणी शेतकरी येऊन म्हणाला कीं, माझा ट्रॅक्टर लहान आहे, तुळई दीड मीटरचीच पाहिजे, तर एक आंकडा बदलला कीं सर्व भोंकें सरकून आपापल्या नव्या जागीं बसतात. लांकडाच्या दिंडांत एकदां पडलेलें भोंक बुजवितां येत नाहीं; पडद्यावरचें येतें. लोखंडास छिद्रयंत्र लागण्यापूर्वीं चूक करून घेण्यास ही एक मोकळी जागा मिळाली आहे, असें म्हणतां येईल.

आतांपर्यंत आपण भोंकांची संख्या ठरवून अंतर काढलें. पुष्कळदां प्रश्न उलटा असतो: अंतर ठरलेलें, संख्या निघेल ती खरी. ठिबक सिंचनाची नळी घ्या. २५ मीटरच्या नळीवर ६० सेंटिमीटरच्या अंतरानें भोंकें पाडावयाचीं असतील तर ४१ पूर्ण अंतरें बसतात व ४० सेंटिमीटर नळी शेवटीं शिल्लक राहते. आरंभींच एक भोंक पाडलें असेल तर भोंकें ४२. येथें शिल्लक राहणें ही चूक नव्हे; रोपें ६० सेंटिमीटरवर आहेत म्हणून भोंकेंहि तेथेंच पाहिजेत, नळीच्या टोकाशीं जुळवून घेण्याकरितां तीं सरकवावयाचीं नाहींत. १९८२ पासून चालत आलेल्या 'ऑटोकॅड' या सॉफ्टवेअरमध्यें या दोन प्रश्नांस दोन निराळ्या आज्ञा आहेत. 'डिव्हाइड' म्हणजे भाग पाड; ती आज्ञा रेषेचे सांगितलेले समान भाग करून त्यांच्या सीमांवर बिंदु ठेवते. 'मेझर' म्हणजे मापीत जा. ती आज्ञा ठरलेलें अंतर मोजीत जाते आणि उरेल तें शेवटीं तसेंच टाकते. मात्र डिव्हाइड या आज्ञेनें रेषेचे आठ भाग केले असतां बिंदु सातच मिळतात, कारण टोकांवर ती बिंदु ठेवीत नाहीं. नऊ भोंकांची अपेक्षा धरून बसलेल्या माणसास सात दिसलीं म्हणजे तो संगणकास दोष देतो. वस्तुतः दोन टोकें त्यानें स्वतः पाहावयाचीं राहिलेलीं असतात.

आणखी एक भेद थोडक्यांत सांगून टाकूं. खिडकीच्या चौकटींत गज बसवितांना गजांचे मध्य समान अंतरावर असावेत एवढ्यानें भागत नाहीं; चौकट व पहिला गज यांमधील मोकळी जागाहि दोन गजांमधील जागेइतकीच दिसावी लागते. ९०० मिलिमीटर रुंद खिडकींत १२ मिलिमीटर जाडीचे पांच गज असतील तर गजांनीं ६० मिलिमीटर खाल्ले, ८४० उरले, आणि मोकळ्या जागा सहा, म्हणून प्रत्येक १४० ची. येथें जागा गजांपेक्षां एकानें अधिक आहेत! पहिल्या भोंकाचा मध्य चौकटीपासून १४६ वर, आणि पुढचे मध्य १५२ च्या अंतरानें. तिफणींत एक वजा, खिडकींत एक मिळवा. नियम पाठ करण्यापेक्षां कागदावर चार रेघा ओढून मोजणें बरें.

संगणक नसेल तेथें काय करावें? सुताराची जुनी युक्ति सोपी व निर्दोष आहे. समजा, २०० मिलिमीटर रुंदीच्या फळीचे सात सारखे पट्टे करावयाचे आहेत. दोनशेंस सातांनीं भागलें तर आंकडा संपतच नाहीं. अशा वेळीं मापपट्टी फळीवर आडवी न धरितां तिरपी धरावी. पट्टीचें शून्य एका कडेवर व २१ सेंटिमीटरची खूण दुसऱ्या कडेवर येईल इतकी तिरपी. मग ३, ६, ९, १२, १५ व १८ सेंटिमीटरवर बिंदु करावे आणि त्या बिंदूंतून फळीच्या कडेशीं समांतर रेघा ओढाव्या. सात पट्टे सारखे होतात. समांतर रेषा दोन छेदिकांचे सारख्याच प्रमाणांत भाग करितात, हा जो सिद्धांत आमचे विद्यार्थी भूमितीच्या तासास घोकतात, तोच हा. युक्लिडाच्या सहाव्या पुस्तकांत रेषेचा इष्ट भाग तोडण्याची कृति याच मार्गानें दिलेली आहे. सिद्धांत कशासाठीं शिकावयाचा असें विचारणाऱ्या मुलास आम्ही फळी व पट्टी हातीं देतों.

मोजून खुणा करावयाच्या असल्या तर मात्र एक पथ्य पाळावें. १८०० मिलिमीटरांत आठ भोंकें, म्हणजे सात अंतरें, प्रत्येक २५७.१४ मिलिमीटरचें. प्रत्येक भोंक मागच्या भोंकापासून मोजलें तर पेन्सिलीच्या जाडीचा, डोळ्याच्या तिरपेपणाचा जो थोडा थोडा दोष असतो तो पुढें पुढें सांचत जातो. दर खेपेस एकच मिलिमीटर चुकला तरी शेवटीं सात मिलिमीटर होतात. म्हणून सर्व मापें पहिल्या भोंकापासूनच घ्यावीं: २५७, ५१४, ७७१, १०२९, १२८६, १५४३, १८००. अशानें कोणतेंहि भोंक हिशेबानें अर्ध्या मिलिमीटरहून अधिक चुकत नाहीं आणि एकाची चूक दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नाहीं.

सरळ रेषा सोडून वर्तुळाकडे आलों कीं सर्व चित्र पालटतें. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला लांकडी गड्डा, पहा. त्यांत आरे बसविण्याकरितां सभोंवार भोंकें असतात. आरे बारा तर अंतरेंहि बाराच. वर्तुळास टोक नसल्यामुळें एक वजा करण्याचें कारण उरत नाहीं. ३६० अंशांस बारांनीं भागावें, तीस अंश आले. सहा, आठ, बारा असे भाग कंपासानेंच पडतात. परंतु सात किंवा नऊ भोंकें पाडावयाचीं झालीं म्हणजे कंपास व साधी पट्टी यांनीं तीं अचूक पडूंच शकत नाहींत. फ्रान्समधील वांत्झेल या गणितज्ञानें १८३७ सालीं अशा अशक्य रचनांविषयींची सिद्धता प्रसिद्ध केली.

आणि तरीहि आपल्या भूमींत त्यापूर्वीं सुमारें सातशें वर्षें याची व्यवहारोपयोगी सोय झालेली होती. शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनीं वर्तुळांत बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंत समभुज आकृतींच्या बाजू काढण्याचे गुणक दिले आहेत. व्यास १,२०,००० धरला असतां पंचकोनाची बाजू ७०,५३४, षट्कोनाची ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२ आणि नवकोनाची ४१,०३१ येते. या भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापल्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. आतां हे आंकडे आपल्या कामास लावून पाहूं. १२० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सात भोंकें पाडावयाचीं असतील तर कंपासाचे पाय ५२.०५५ मिलिमीटर उघडून वर्तुळावर चालवीत न्यावे. आधुनिक गणितानें खरें माप ५२.०६६ येतें. फरक एका पावलास अकरा-सहस्रांश मिलिमीटर. सात पावलांनंतर सुद्धां तो एका मिलिमीटरच्या दहाव्या भागास पोंचत नाहीं. पंचकोन व अष्टकोन यांचीं मापें तर पूर्णांकापर्यंत बरोबर आहेत. सप्तकोन व नवकोन या दोहोंतच, आणि तेंहि अकरा अकरा एककांनींच, फरक पडावा, हें आम्हांस मोठें कुतूहलाचें वाटतें.

फ्रीकॅडमध्यें वर्तुळाकार पुनरावृत्तीस 'पोलर पॅटर्न' म्हणतात. एक भोंक काढून मध्यबिंदूचा अक्ष, कोन व एकूण संख्या सांगावयाची. कोन ३६० व संख्या सात दिली तर संगणक सातांनीं भागतो आणि ५१.४३ अंशांवर भोंकें मांडतो. तोच कोन १८० व संख्या सात दिली तर मात्र तो सहांनीं भागतो व अंतर तीस अंशांचें येतें. एकाच आज्ञेंत भाजक बदलला कसा, असें कोणास वाटेल. कारण वरचेंच आहे: अर्धवर्तुळास दोन टोकें असतात, पूर्ण वर्तुळास नसतात, ३६० अंशांवर ठेवलेलें शेवटचें भोंक पहिल्यावरच जाऊन पडलें असतें. हें यंत्र रचणाऱ्यांनीं तिफण आणि चाक यांमधील भेद ओळखून ठेवला आहे. पण ३५९ अंश लिहिणाऱ्यास ते वांचवूं शकत नाहींत. त्याचें सातवें भोंक पहिल्याला जवळजवळ झांकीत बसतें.

तयार झालेलें काम तपासण्याची रीतहि सुतारांच्या पद्धतीचीच सांगतों. दिंडाच्या मापाची एक सरळ काठी घेऊन तिच्यावर दिंडाचीं दोन्ही टोकें व भोंकांचे मध्य यांच्या खुणा कराव्या, मग काठी उलट करून, म्हणजे डावें टोक उजवीकडे नेऊन, पुन्हां दिंडावर ठेवावी. खुणा भोंकांवर बसल्या तर दोन्ही बाजू सारख्या आहेत. वर सांगितलेली २०० मिलिमीटर अंतराची फसवी तुळई या परीक्षेंत तत्काळ सांपडते, कारण एका बाजूची कड १०० व दुसरीची ३०० असल्यामुळें एकहि मोकळें टोक जुळत नाहीं. संगणकावर हेंच काम चित्राची आरशांतील प्रत काढून मूळ चित्रावर ठेवल्यानें होतें. तीन फणांच्या तिफणीस ही एक परीक्षा पुरते. मधलें भोंक स्वतःवर आलें कीं दोन्ही अंतरें समान आहेत हें सिद्धच झालें. नऊ फणांच्या तुळईस ती पुरत नाहीं, कारण डावीकडची चूक उजवीकडेहि तशीच झालेली असेल तर काठी उलटूनहि ती उघडकीस येत नाहीं. तेथें कंपासाचे पाय पहिल्या दोन भोंकांच्या मध्यांवर बसवून त्याच उघडीनें शेवटच्या भोंकापर्यंत आठ पावलें चालावें, आणि मग दोन्ही कडा स्वतंत्र मोजाव्या.